तोलामोलाची जोड

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतली सात-आठ पोरे माझ्या दारात येऊन उभी राहिली. दिवाळीत गल्लीत किल्ल्यांची स्पर्धा असते आणि परीक्षक म्हणून दर वर्षी मलाच धरून नेतात. मी शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला माती, हळीव, पोत्याचे कापड आणि मातीचे मावळे यांतले सगळे कळते, असा लोकांचा गोड समज आहे. पोरांचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले होते आणि चेहरे मात्र एखाद्या खटल्याला निघाल्यासारखे गंभीर होते.

"सर, यंदा गट पाडायचे," चौथीतला एक जण म्हणाला. त्याच्या आवाजात विनंती नव्हती, तक्रार होती. आदल्या वर्षी त्याने एकट्याने विटांच्या तुकड्यांवर अजिंक्यतारा उभा केला होता आणि पहिला नंबर गेला होता तो नववीतल्या एका मुलाच्या प्रतापगडाला. त्या प्रतापगडात पाण्याचे कारंजे होते, विजेचे दिवे होते आणि, चौथीतल्याच्या म्हणण्याप्रमाणे, इंजिनियर झालेला एक मामाही होता.

तो प्रतापगडवाला मागेच उभा होता. तो म्हणाला, "सर, गट पाडले तर मोठ्या गटात आमचे दोनच किल्ले उरतात. मग आम्ही जिंकायचं कुणाला?"

मला दोघांचेही पटले. एकाच वेळी दोन्ही बाजू पटणे हा शिक्षकाच्या धंद्यातला जुना आजार आहे. "उद्या सांगतो," असे म्हणून मी त्यांना वाटेला लावले आणि आत येऊन बसलो. पण तो प्रश्न पोरांबरोबर गेला नाही. तो माझ्याकडे गेली काही वर्षे मुक्कामालाच आहे. पोरांनी फक्त त्याला हाक मारून बाहेर बोलावले.

माझे गाव पलूस तालुक्यात आणि नोकरी कराडच्या बाजूला. एक सांगली जिल्हा, दुसरा सातारा. पण कृष्णेला हे ठाऊक नसल्यामुळे माणसांच्या आवडीनिवडीत फारसा फरक पडलेला नाही. आमच्याकडे मूल चालू लागले की आधी त्याला कुस्तीच्या मैदानावर नेतात. मला वडील कुंडलच्या मैदानावर खांद्यावर बसवून नेत. मोठ्या पैलवानांच्या कुस्त्या मला तेव्हा फारशा कळत नसत. मला आवडायचे ते आधीचे, पोरांच्या जोडी लावण्याचे काम.

लंगोट कसलेली पोरे मैदानाच्या कडेला उभी असत. पंचांपैकी एखादा म्हातारा वस्ताद त्यांतल्या एकाचे मनगट धरून त्याला मध्ये आणायचा आणि बाकीच्यांवरून नजर फिरवायचा. मग दुसरा एक ओढून काढायचा. दोघांना पाठीला पाठ लावून उभे करायचा, दंड चाचपायचा, मान पाहायचा आणि शेवटी कान पाहायचा. कान मोडलेला असला की पोरगे तालमीतल्या मातीत मुरलेले आहे हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही. एकाचा कान मोडलेला आणि दुसऱ्याचा कोवळा असला की वस्ताद मान हलवून दुसऱ्याला परत पाठवायचा, मग दोघांचे वजन तोळ्याला तोळा जुळत का असेना. सगळे जुळले तरी एक काम उरायचेच. तो दोघांकडे आळीपाळीने पाहून विचारायचा, "हाय का कबूल?" एखादे पोरगे नाही म्हणून मागे सरायचे. त्याला कुणी हसत नसे. कबूल झाले की हलगीवर टिपरी पडायची, आणि मग खोबऱ्याच्या वाटीसाठी नाहीतर रेवडीच्या पुडीसाठी ती दोघे अशी झुंजायची की जणू साताऱ्याची गादीच पणाला लागली आहे.

जोड या शब्दात आमच्याकडे फार मोठा अर्थ आहे. बैलांची जोड असते, नवराबायकोचा जोडा असतो, आणि मैदानात एकमेकांना पाडायला निघालेल्या दोघांनाही आम्ही जोडच म्हणतो. जोड तोलामोलाची नसेल तर जिंकणाऱ्याचीही शोभा होते. आणि तोलामोलाची आहे असे दाखवून आतून सगळे ठरलेले असेल, तर त्याला नुरा कुस्ती म्हणतात. ही शिवी आता राजकारणातल्या लोकांनी वापरून वापरून गुळगुळीत करून टाकली आहे; पण मैदानावर ती अजूनही अंगाला लागते.

वस्तादाच्या हाताने काम भागते ते गावच्या मैदानापुरते. पुढे तराजू लागतो. माझ्या शाळेपासून गोळेश्वर फार लांब नाही. तिथल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले, ही गोष्ट आमच्याकडे मुलांना बाराखडीबरोबर येते. पण ते पदक ५७ किलो वजनाच्या गटातले होते, आणि त्याआधी १९४८ साली लंडनला ते सहावे आले ते ५२ किलोच्या गटात, हे मात्र फार थोडे जण लक्षात ठेवतात. मला हीच गोष्ट मोठी वाटते. बावन्न किलोच्या माणसाला जगात कुठेतरी त्याच्याच वजनाच्या माणसांबरोबर उभे करावे, असे कुणीतरी आधी ठरवून ठेवले होते. गट नसते तर गोळेश्वरच्या त्या चपळ, बुटक्या मल्लाला जगातले धिप्पाड पैलवान नुसते कडेवर घेऊन उतरवून ठेवते, आणि आपण त्याचे नाव ऐकलेही नसते. म्हणजे गट पाडणे हा दुबळ्यावर केलेला उपकार नव्हे. त्याशिवाय कसब दिसतच नाही. फक्त आकार दिसतो.

पण गट पाडूनही वाद मिटत नाही. महाराष्ट्र केसरीचे पाहा. तिथे किताबाच्या गटात ८६ किलोपासून १२५ किलोपर्यंतचे मल्ल एकत्र उतरतात. त्यांचे पुन्हा दोन विभाग, एक मातीवरचा आणि एक गादीवरचा, आणि दोन्ही विभागांतले विजयी मल्ल शेवटी गदेसाठी भेटतात. २०२२ साली ही स्पर्धा साताऱ्याला झाली, तेव्हा मी सुटी काढून गेलो होतो. कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील जिंकला. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ मात्र शेवटपर्यंत एकच वाद घालत होते: मातीतला गडी जास्त दमून येतो की गादीवरचा? विभाग पाडणाऱ्याने ज्या क्षणी रेघ ओढली त्याच क्षणी निम्मी कुस्ती होऊन गेली, असे त्यांचे म्हणणे. मी तेव्हा गप्प बसलो. मला त्यांच्या बोलण्यातले मर्म इतके ठाऊक होते की बोलायची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीला झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. त्या वेळी गावातल्या बायका मैदानाकडे निघालेल्या पाहून मला वडिलांची आठवण झाली. मैदानावर बायकांसाठी गटच नव्हता तेव्हा, आणि गट नाही म्हणजे जणू माणूसच नाही.

आता मी गप्प का बसलो ते सांगतो.

मी मॅट्रिक, म्हणजे आताची दहावी झालेला. पुढे चित्रकला शिक्षकाचा कोर्स केला, कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन-तीन लोकांनी वाचल्या. पण शाळेत माझी खरी ओळख अक्षराची. फळ्यावरचा सुविचार मी लिहितो, सत्काराची मानपत्रे मी लिहितो आणि खेळांच्या स्पर्धा आल्या की त्यांची भाग्यपत्रिकाही मीच काढतो. वाचकांपैकी ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डाव्या बाजूला खेळाडूंची नावे एकाखाली एक. दोन-दोन नावांना जोडणारा कंस, त्या कंसांना जोडणारे पुढचे कंस, असे करीत उजव्या टोकाला एकच आडवी रेघ उरते. सोळा नावे असली तर कुस्त्या पंधरा होतात. कारण एक सोडून प्रत्येकाला एकदा हरायचे असते. नावे दोन, चार, आठ, सोळा अशा हिशेबात बसली नाहीत तर काहींना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल द्यावी लागते. शिवाय नामवंत खेळाडू पहिल्याच फेरीत एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांना पत्रिकेच्या वेगवेगळ्या टोकांना ठेवायचे असते. मराठीत आपण याला मानांकन म्हणतो आणि त्यामुळे ते एखाद्या सत्कारासारखे वाटते. इंग्रजीतला शब्द आमच्या शिवारातला आहे. त्याचा अर्थ बी. चांगले बी एकाच सरीत दाटीने पडू नये, अंतराअंतराने पेरावे, अशी ती कल्पना. टेनिसमध्ये विम्बल्डनला १९२७ पासून गुणवत्तेनुसार असे बी पेरू लागले.

उरलेली नावे मात्र चिठ्ठ्या टाकून बसवायची. चिठ्ठीवर आमच्या लोकांचा विलक्षण विश्वास. बैलगाड्यांच्या शर्यती पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या बंद केल्या होत्या आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी दिली. तिथे बैलांचे दात पाहून आदत, दुसा असे वर्ग करतात, आणि कुठली गाडी कुठल्या गटात, कुठल्या तासातून पळणार हे चिठ्ठीवर ठरते. लाखांचे बैल घेऊन आलेले, एरवी बांधावरच्या वीतभर जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणारे लोक त्या चिठ्ठीपुढे मुकाट्याने मान लववतात. चिठ्ठीला जात नाही, पाहुणेरावळे नाहीत आणि तिला कुणाच्या मुलाला नोकरी लावायची नसते.

सहा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या शाळांच्या कुस्त्या होत्या. एका वजनगटात नेमकी सोळा मुले आली. त्या गटातल्या पहिल्या दोघांना एका दानशूर गृहस्थांनी वर्षभर तालमीत राहण्याची सोय आणि खुराक कबूल केला होता. दूध, बदाम, तूप यांचे आजचे भाव ज्या घरांत ठाऊक आहेत, त्यांना त्या बक्षिसाची किंमत वेगळी सांगायला नको. दोन मुले नावाजलेली होती, त्यांना पत्रिकेच्या दोन टोकांना ठेवायचे असे सर्वांसमक्ष ठरले. त्यात वावगे काही नव्हते. उरलेल्या चौदा जणांच्या चिठ्ठ्या आदल्या संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत मी आणि आणखी एका सरांनी काढल्या. सर चहा सांगायला बाहेर गेले. पहिल्या मानांकिताच्या समोरची चिठ्ठी मी उघडली आणि थबकलो. ते नाव शेजारच्या गावातल्या एका चांगल्या मुलाचे होते. त्याच्यासाठी अख्खे गाव दोन टेंपो भरून येणार होते. सकाळी नऊला पहिलीच कुस्ती, त्यात तो हरला की दोन्ही टेंपो साडेनऊला परत जाणार आणि मैदान ओस पडणार. शिवाय तो मुलगा पुढच्या फेऱ्यांत रंग भरणारा.

पलीकडच्या टोकाच्या एका घरात मी आधीच एक नाव लिहिले होते. ते ऊसतोडीला आलेल्या एका मुलाचे होते. बीड जिल्ह्यातून दर हंगामाला आईबाप येत, कॅनॉलच्या कडेला कोपी घालून राहत, आणि हा मुलगा दिवाळीनंतर आमच्या शाळेत दाखल होऊन गाळप संपले की निघून जाई. कुठल्या तालमीत त्याचे नाव नव्हते. त्याच्यासाठी टेंपोच काय, सायकलही येणार नव्हती. माझ्या मनात आले, पोरगे कुठेतरी हरणारच. तिथे हरले काय नि इथे हरले काय. मी खोडरबर घेतला. माझे अक्षर चांगले असल्यामुळे खाडाखोड अजिबात दिसली नाही. सर चहा घेऊन आले तेव्हा पत्रिका पुरी झालेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या कुस्तीला मैदानात फार लोक नव्हते. ऊसतोड्याचा पोरगा मानांकिताला पाच मिनिटे गेला. चुलत्याने गावच्या ओढ्यातल्या वाळूत शिकवलेले त्याचे डाव होते. कच्चे होते, पण घट्ट होते. शेवटच्या काही सेकंदांत एका गुणाने तो हरला. नंतर त्या मानांकिताने दिवसभरात तीन कुस्त्या मारल्या, एकही मिनिटावर गेली नाही. अंतिम कुस्तीत तर दुसरा नावाजलेला मुलगा हात मिळवल्या मिळवल्या चितपट झाला, आणि वर्षभराचा खुराक घेऊन गेला. दुसरा आला होता ना तो.

संध्याकाळी मी भिंतीवरची पत्रिका उतरवत होतो. तो मुलगा पाठीमागे येऊन उभा राहिला. पत्रिकेकडे बघत म्हणाला, "सर, माझी चिठ्ठी त्याच्यासंगंच निघाली होती का?"

मी म्हणालो, "हो रे."

"मग ठीक," तो म्हणाला. "चिठ्ठीपुढं कोणाचं काय चालतंय."

मार्चात कारखान्याचा पट्टा पडला आणि कोपी उठली. पुढच्या हंगामाला ते कुटुंब आमच्याकडे आले नाही.

माझ्या मनाचे समाधान करण्यासाठी मी पुष्कळ वाचले. त्यात एक मौजेची गोष्ट हाती लागली. 'ॲलिस'ची अद्भुत गोष्ट लिहिणारा लुईस कॅरल, खरे नाव चार्ल्स डॉजसन, हा ऑक्सफर्डचा गणिताचा शिक्षक. त्याने १८८३ साली टेनिसच्या स्पर्धांवर एक छोटे पुस्तक लिहिले. सुरुवातीलाच हरलेल्या एका खेळाडूची कैफियत त्याच्या कानी आली होती: ज्याला मी सहज हरवले असते त्याला दुसरे बक्षीस मिळाले! गणित्याने हिशेब मांडून दाखवले की बत्तीस खेळाडू नुसत्या चिठ्ठ्यांनी बसवले, तर खऱ्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता एकतिसात सोळा, म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त. पहिला येतो तो पहिलाच. पण दुसरा कोण, हे बाद पद्धतीला सांगताच येत नाही. मला हायसे वाटले. म्हणजे दोष पद्धतीचा होता! पण हे हायसे वाटणे एक रात्रही टिकले नाही. पद्धतीने चिठ्ठी टाकली होती. खोडरबर मी फिरवला होता.

कुस्तीवाल्यांना हे दुखणे ठाऊक आहे आणि त्यांनी त्यावर औषधही काढले आहे. मोठ्या स्पर्धांत अंतिम फेरी गाठणाऱ्यांकडून जे हरले असतील त्यांना परत बोलावतात आणि कांस्यपदकासाठी पुन्हा लढू देतात. रेपेचाज असा त्याला अवघड फ्रेंच शब्द आहे. २०१६ साली रिओला साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत हरली, तिला हरवणारी अंतिम फेरीत गेली, म्हणून साक्षीला परत बोलावणे आले आणि तिने कांस्य मिळवले. आमच्या शाळेच्या मैदानावर दिवे नव्हते. संध्याकाळी अंधारून येत असे. त्यामुळे कुणालाच परत बोलावले नाही. शिवाय मी ज्याला परत बोलवायचा, तो मार्चनंतर कुठल्या जिल्ह्यातल्या कुठल्या फडात होता कोण जाणे.

एवढ्यात आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी गणपतीला गावी आला. सातारकडची मुले लष्करात जायची, ही जुनी रीत, हाही गेला. पण कृष्णेत डुंबून वाढलेला हा पोरगा मुंबईत कुलाब्याला लष्कराच्या शिडाच्या होड्यांच्या केंद्रात लागला, हे ऐकून मला गंमत वाटली. सांगलीला पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, त्या मी पाहिल्या आहेत. पण त्या वल्ह्यांच्या, आणि पात्रात एका वेळी मावतील तेवढ्याच होड्यांच्या. समुद्रात काय करतात, मी विचारले. त्याने माझ्याच चित्रकलेच्या वहीचे पान घेऊन काढून दाखवले.

मोठ्या स्पर्धेत शंभरावर होड्या येतात. इतक्या एका रेषेवरून सोडता येत नाहीत, म्हणून त्यांचे ताफे करतात. पिवळा, निळा, तांबडा, अशा रंगांच्या फिती बांधतात. पहिल्या दिवशी कोण किती पाण्यात आहे ते ठाऊक असेल तितके बघून सगळे ताफे सारख्याच ताकदीचे होतील असे वाटतात. खरी गंमत पुढे. त्या दिवसाच्या शर्यती झाल्या की संध्याकाळी गुणतक्त्यावरून ताफे मोडून पुन्हा बांधतात. पहिला पिवळ्यात, दुसरा निळ्यात, तिसरा तांबड्यात. चौथा पुन्हा तांबड्यातच, पाचवा निळ्यात, सहावा पिवळ्यात. नागमोडी. असे दोन-तीन दिवस चालले की मग मात्र वरच्यांचा सुवर्ण ताफा, मधल्यांचा रौप्य, खालच्यांचा कांस्य. आणि तिथून पुढे रौप्यातला पहिला कितीही पळाला तरी सुवर्णातल्या शेवटच्याच्या वर जाऊ शकत नाही. शिवाय प्रत्येकाची एक सर्वांत वाईट शर्यत हिशेबातून वगळून टाकतात. हे शेवटचे ऐकून माझी पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे आमच्यात पण आणा म्हणावं."

मी त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिलो. त्या होडीवाल्यांनाही पहिल्या दिवशी अंदाजच करावा लागतो. बाहेरून, नावलौकिकावरून, कान मोडलेला आहे का ते पाहून. फरक इतकाच की त्यांचा अंदाज एका दिवसाचा असतो. संध्याकाळी पाणी काय म्हणाले ते विचारून तो बदलतात. मी त्या मुलाबद्दल जो अंदाज केला, तो बदलायला मी संध्याकाळ ठेवलीच नव्हती.

आणि तरीही सुवर्ण-रौप्य ताफ्यांचे ते ऐकून पोटात जुनी कळ आलीच. मी स्वतः 'क' तुकडीत शिकलो. आमच्या वेळी एका शाळेत पाचवीच्या गुणांवरून 'अ', 'ब', 'क' अशा तुकड्या पाडल्या आणि दहावीपर्यंत त्या कुणी मोडल्या नाहीत. 'क'च्या वर्गाचे छप्पर गळायचे आणि चांगले शिक्षक 'अ'ला जायचे. 'क'तला पहिला हा 'अ'तल्या शेवटच्याच्या खालीच, हे कुणी सांगावे लागत नसे. पण प्रामाणिकपणे लिहायचे तर उलट बाजूही लिहिली पाहिजे. 'अ'त असतो तर मी चाळिसावा असतो. 'क'त पहिला होतो, म्हणून फळा लिहायचे काम मला मिळाले, म्हणून अक्षर वळले, म्हणून चित्रकला आली, म्हणून भाकरी आली. तोलामोलाच्या पोरांत राहिलो म्हणून मला मी दिसलो. तेव्हा तुकड्या पाडणे हा अन्यायच, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पाडलेली तुकडी पुन्हा न मोडणे, याबद्दल मात्र मला शंका उरलेली नाही.

चिठ्ठीचेही तसेच. नावाजलेल्यांना उघडपणे दोन टोकांना बसवले, त्याची मला लाज नाही. ते पेरणे होते आणि सर्वांना दिसत होते. न पाहता चिठ्ठी टाकली असती, तरीही नाही. मला लाज आहे ती माझ्या मर्जीला चिठ्ठीचे कपडे घातल्याची. वस्ताद जोड लावताना "हाय का कबूल?" असे विचारायचा. माझ्या पत्रिकेतही ते पोरगे कबूलच झाले होते. पण नशिबाला कबूल झाले होते, मला नव्हे. त्याने माझ्यापुढे मान लववली असती का? कदाचित लववलीही असती. ती पोरे कुणापुढेही मान लववतात, हीच तर गोष्ट आहे. पण विचारायला हवे होते.

तो दुसरा आलाच असता, असे मी म्हणत नाही. मूळच्या घरात राहता तर त्याला दुसऱ्या मानांकिताच्या वाटेने जावे लागले असते, आणि दुसऱ्या फेरीत पाय घसरूनही हरला असता. मला ठाऊक नाही. ठाऊक होण्याची सोय मी ठेवली नाही, एवढेच ठाऊक आहे.

वसुबारसेला सकाळी पोरे पुन्हा आली. मी त्यांना सांगितले की गट पाडू: सातवीपर्यंतचा एक, पुढचा एक. आणि ज्याला वाटेल त्याने आपला किल्ला वरच्या गटात घालावा. खालच्या गटात मात्र कुणी उतरायचे नाही. प्रतापगडवाला थोडा विचार करून म्हणाला, "मग याने अजिंक्यतारा आमच्यात घालावा." चौथीतल्याने त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "मामा नसला तर घालतो," तो म्हणाला. यावर पुष्कळ वाटाघाटी झाल्या. मामाने फक्त कारंजे करावे, माती कालवू नये, असे काहीतरी ठरले. नंबर मी एकट्याने काढायचे नाहीत, परीक्षेची वही सगळ्यांसमोर उघडी ठेवायची, हे मी माझ्याकडून घातले. त्यांनी ते इतक्या सहज मान्य केले की मलाच थोडे अवघडल्यासारखे झाले.

मग मी वही काढून नावे लिहायला बसलो. गल्लीतली अकरा नावे झाली. थोरल्याने पाठीमागे वळून कुणाला तरी हात केला. कुंपणाशी एक मुलगा उभा होता, अंगात मोठ्या माणसाचा सदरा, हातात ओल्या मातीचा गोळा. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायचा होता, कॅनॉलच्या कडेला चार दिवसांपूर्वीच कोप्या पडल्या होत्या.

"हापण करणारे, सर. त्याच्याकडं वीट नाय, पण माती भारी आणतो."

मी त्याला जवळ बोलावून नाव विचारले आणि लिहिले. मग विचारले, "कितवीत?"

तो म्हणाला, "अजून घातलं नाही साळंत. दिवाळी झाल्यावर."

सगळी पोरे माझ्या पेन्सिलीकडे बघू लागली. मी पेन्सिल खाली ठेवली आणि त्यालाच विचारले, "या गटात की त्या गटात?"

त्याने एकदा दहावीतल्याकडे मान वर करून पाहिले, एकदा चौथीतल्याकडे पाहिले, आणि मातीचा गोळा या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "आधी किल्ले बघू द्या की सगळ्यांचे."